बायपास आणि भुलीचा वायू

(मंडळाच्या गणेशोत्सवातील व्याख्यानाचा मजकूर)



विषय फलकावर लागला तेव्हा दोघातिघांनी मला गाठून विचारले, "अहो, तुम्ही रेल्वेतले. तुमचा आणि भुलीचा संबंध काय?" प्रश्न रास्त आहे. मी डॉक्टर नाही. डिप्लोमा करून रेल्वेत लागलो आणि नोकरीची बहुतेक वर्षे वातानुकूलित डब्यांच्या देखभालीत गेली. पण गंमत अशी की, ज्या वायूंवर आमचे एसी चालतात, त्यांचीच चुलत भावंडे ऑपरेशन थिएटरमध्ये माणसाला झोपवतात. हे मला गेल्या वर्षी कळले, आणि कळण्याचे कारण काही आनंदाचे नव्हते.

माझ्या दाजींची, म्हणजे थोरल्या बहिणीच्या यजमानांची, बायपास ठरली. ते फरिदाबादला असतात. तीन धमन्या तुंबलेल्या आणि त्यातच डाव्या मुख्य धमनीत अडथळा, त्यामुळे फार थांबू नका असे डॉक्टरांनी बजावलेले. माझा भाचा संगणकाच्या क्षेत्रातला. त्याने रात्र जागून इंटरनेटवर वाचून काढले आणि सकाळी चहाच्या वेळी जाहीर केले की सेव्होफ्लुरेन नावाचा भुलीचा वायू हृदयाचे रक्षण करतो, आणि आपल्या हॉस्पिटलात मात्र आयसोफ्लुरेन देतात, जो जुना आणि स्वस्त आहे. आपण दुसरीकडे जाऊ, खर्च वाढला तरी चालेल, तारीख थोडी पुढे गेली तरी चालेल. पैशांचा विषय निघाल्याबरोबर ताई हातातल्या पाटल्यांकडे बघायला लागली. दाजी काहीच बोलले नाहीत. त्या चार दिवसांत जे विचारले, आणि मग वर्षभर नाद लागल्यासारखे जे वाचत राहिलो, ते आज आपल्यापुढे ठेवतो.

बायपास म्हणजे काय ते आता सर्वांना ठाऊक आहे. या सभागृहातही दोन-चार जण असतील ज्यांच्या छातीवर ती उभी खूण आहे. २४ जानेवारी २००९ रोजी पंतप्रधान मनमोहन सिंग यांची दुसऱ्यांदा बायपास आपल्या इथल्या एम्समध्ये झाली. मुंबईहून आलेले डॉ. रमाकांत पांडा त्या पथकाचे प्रमुख होते. तेव्हा तर दिल्लीतल्या पानवाल्यालाही 'ग्राफ्ट' हा शब्द पाठ झाला होता. पण मला एक जास्त अभिमानाची गोष्ट सांगायची आहे. भारतातली पहिली यशस्वी बायपास १९७५ साली झाली, ती कुठल्या पंचतारांकित हॉस्पिटलात नव्हे, तर चेन्नईच्या पेरांबूर येथील रेल्वे हॉस्पिटलात. शस्त्रक्रिया करणारे डॉ. के. एम. चेरियन २०२५ च्या जानेवारीत वारले. रेल्वेचे नाव निघाले की लोक उशिरा येणाऱ्या गाड्यांबद्दलच बोलतात, म्हणून मुद्दाम सांगितले.

ही शस्त्रक्रिया दोन प्रकारे होते. एक, हृदय थांबवून, रक्ताचा प्रवाह हार्ट-लंग मशीनवर वळवून. आमच्या भाषेत, लाइनवर ब्लॉक घेऊन काम करायचे. दुसरी, हृदय धडधडत असतानाच, जिथे टाका घालायचा तेवढाच भाग स्थिर धरून. म्हणजे गाड्या चालू ठेवून, कॉशन ऑर्डर देऊन काम करायचे. दोन्ही वेळी सर्जनचे लक्ष दोन मिलिमीटरच्या नळीवर असते. बाकीचा अख्खा माणूस ज्यांच्या ताब्यात असतो ते भूलतज्ज्ञ. इथे त्यांना सरसकट 'बेहोशीवाले डॉक्टर' म्हणतात. नातेवाइकांना त्यांचे नावही माहीत नसते. बिलावर असते तेवढेच.

आता वायूंकडे वळू. १६ ऑक्टोबर १८४६ रोजी बोस्टनमध्ये मॉर्टन या दंतवैद्याने ईथर देऊन शस्त्रक्रिया करवून दाखवली. पुढच्याच वर्षी एडिंबरोच्या सिम्प्सनने क्लोरोफॉर्म आणले. लगेच वाद सुरू झाला, ईथर चांगले की क्लोरोफॉर्म? ईथर पेट घेणारे, घशाला झोंबणारे. क्लोरोफॉर्म गोड वासाचे आणि झटपट, पण मधूनच एखादा धडधाकट माणूस टेबलावरच जायचा. हा वाद सोडवण्याचा एक मोठा प्रयत्न आपल्या देशात, हैदराबादेत झाला, ही गोष्ट मी शाळेत कधी ऐकली नव्हती. निजामाच्या पैशाने १८८८ आणि १८८९ मध्ये दोन 'क्लोरोफॉर्म कमिशन' बसली. मराठवाडा तेव्हा निजामाच्याच राज्यात, म्हणजे आपल्या काही मंडळींच्या पणजोबांच्या शेतसाऱ्याचाही त्यात वाटा असणार. प्रमुख होते एडवर्ड लॉरी नावाचे सर्जन. दुसऱ्या कमिशनसाठी लंडनच्या 'लॅन्सेट' या वैद्यकीय पत्रिकेने आपला तज्ज्ञ पाठवला. शेकडो प्राण्यांवर प्रयोग झाले. रूपाबाई फर्दुनजी या, भूल देणाऱ्या जगातल्या अगदी पहिल्या महिला डॉक्टरांपैकी एक, त्या कामात होत्या.

निष्कर्ष निघाला की क्लोरोफॉर्मने आधी श्वास थांबतो, हृदय नंतर. म्हणून श्वासाकडे लक्ष ठेवा, नाडीची चिंता नको. एवढे मोठे कमिशन, एवढे प्रयोग, आणि निष्कर्ष अपुरा. १९११ मध्ये लेव्ही नावाच्या संशोधकाने दाखवून दिले की भूल हलकी असताना आणि शरीरात ॲड्रिनलिन उसळलेले असताना क्लोरोफॉर्म हृदयाची लयच बिघडवते आणि ते जागच्या जागी थरथरत थांबते. घाबरलेला रुग्ण, अर्धवट भूल आणि सुरीचा पहिला स्पर्श, यांतच तो धोका होता. म्हणजे वायूइतकेच तो कधी, किती आणि कोणत्या अवस्थेतल्या माणसाला दिला जातो, यालाही महत्त्व होते. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

मग आमच्या चुलत भावंडांची पाळी. १९५१ मध्ये इंग्लंडच्या आयसीआय कंपनीत चार्ल्स सकलिंग या रसायनशास्त्रज्ञाने हॅलोथेन तयार केले. फ्रिज आणि एसीमधल्या वायूंसारखीच ही फ्लोरिन घातलेली संयुगे. पेट घेत नाहीत, हा मोठा गुण. ईथरच्या काळात थिएटरमध्ये ठिणगीची धास्ती असायची, ती गेली. १९५६ पासून हॅलोथेन माणसांना दिले जाऊ लागले आणि आपल्याकडे कित्येक दशके तेच चालले. पण ते रक्तदाब खाली आणते, हृदयाचे आकुंचन मंद करते, ॲड्रिनलिनशी त्याचेही जमत नाही, आणि क्वचित एखाद्याच्या यकृताला जबर इजा करते. पुढे आयसोफ्लुरेन आले, मग सेव्होफ्लुरेन आणि डेसफ्लुरेन. सेव्होफ्लुरेनला १९९० मध्ये जपानने आधी मान्यता दिली. डेसफ्लुरेन अमेरिकेत १९९२ मध्ये आले.

आपण 'वायू' म्हणतो खरे, पण ही सगळी बाटलीतली द्रवे आहेत. त्यांची वाफ करून ती ऑक्सिजनमध्ये मोजून मिसळायची. हे काम करणाऱ्या यंत्राला व्हेपोरायझर म्हणतात. जुन्या स्कूटरचा कार्बुरेटर ज्यांनी साफ केला असेल त्यांना तत्त्व पटकन कळेल, फक्त इथे चूक चालत नाही. प्रत्येक वायूचा रंग ठरलेला: हॅलोथेन लाल, आयसोफ्लुरेन जांभळा, सेव्होफ्लुरेन पिवळा, डेसफ्लुरेन निळा. बाटलीचे तोंड आणि यंत्राचे भोक यांची खाच अशी की एका वायूची बाटली दुसऱ्याच्या यंत्राला बसूच नये. आणि दोन व्हेपोरायझर शेजारी असले तर एक उघडल्यावर दुसरा आपोआप कुलूपबंद. हे वाचून मी खुर्चीतून उठलोच. अहो, हे तर आमचे इंटरलॉकिंग! एका मार्गाला सिग्नल दिला की त्याला छेदणारा मार्ग देता येऊ नये. माणूस दमतो, विसरतो, हे गृहीत धरून केलेली रचना.

डेसफ्लुरेनची तऱ्हा तर आणखी वेगळी. ते सुमारे तेवीस अंशांना उकळते. म्हणजे आपल्या मे महिन्यात उघडी बाटली टेबलावर ठेवली तर चहाच्या आधणासारखी उकळेल. म्हणून त्याचे यंत्र विजेवर ३९ अंशांपर्यंत तापवून, दाबाखाली वाफ करून मोजतात. एसीवाल्याला हे फार ओळखीचे वाटते.

आता तुलना. पहिली गोष्ट, किती लागते. शंभरातल्या निम्म्या माणसांनी सुरीला हालचाल करू नये इतकी मात्रा म्हणजे हॅलोथेन पाऊण टक्का, आयसोफ्लुरेन सव्वा टक्क्याच्या आत, सेव्होफ्लुरेन सुमारे दोन आणि डेसफ्लुरेन सहा टक्के. वय वाढले की कमी पुरते. दुसरी गोष्ट, किती लवकर चढते आणि उतरते. इथे उलटे गणित आहे. जो वायू रक्तात कमी विरघळतो तो लवकर चढतो. रक्ताला गोदाम समजा. गोदाम मोठे असेल तर ते भरेपर्यंत दुकानात, म्हणजे मेंदूत, माल पोचत नाही, आणि दुकान बंद करायचे म्हटले तरी गोदामातून माल येतच राहतो. डेसफ्लुरेनचे गोदाम सर्वांत लहान, मग सेव्होफ्लुरेन, मग आयसोफ्लुरेन, हॅलोथेनचे सर्वांत मोठे. तिसरी गोष्ट, हृदयाला काय करते. डेसफ्लुरेन एकदम वाढवले तर नाडी आणि रक्तदाब उसळतात, शिवाय ते घशाला झोंबते. तुंबलेल्या धमन्यांच्या माणसाला नाडी उसळणे परवडत नाही. सेव्होफ्लुरेन त्या मानाने शांत. आयसोफ्लुरेन रक्तवाहिन्या सैल करते.

या शेवटच्या वाक्याने १९८३ च्या सुमारास मोठी खळबळ माजवली होती. शंका अशी की हृदयातल्या चांगल्या वाहिन्या सैल झाल्या तर रक्त तिकडेच पळेल आणि तुंबलेल्या वाहिनीपलीकडचा भाग उपाशी राहील. याला त्यांनी 'चोरी' हेच नाव दिले. दिल्लीकरांना हे समजावून सांगायला नको. सकाळी खालच्या मजल्यावाल्याने बूस्टर पंप लावला की तिसऱ्या मजल्यावरचा नळ सुकतो, तेच. कागदावर तर्क बिनतोड होता. बायपासच्या रुग्णाला आयसोफ्लुरेन द्यावे की नाही, यावर परिषदांतून भांडणे झाली.

उत्तर अमेरिकेत ह्यूस्टनला मिळाले. तिथल्या टेक्सास हार्ट इन्स्टिट्यूटमध्ये स्लोगॉफ आणि कीट्स या दोन भूलतज्ज्ञांनी १,०१२ बायपास रुग्णांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसे वाटून हॅलोथेन, एन्फ्लुरेन, आयसोफ्लुरेन आणि सुफेंटानिल नावाचे शिरेतून द्यायचे औषध, असे चार प्रकार दिले. निकाल १९८९ मध्ये छापला. हृदयाची उपासमार, नंतरचा झटका, मृत्यू, कशातही चौघांत फरक नाही. नळावरची चोरी प्रत्यक्ष रुग्णांत दिसली नाही.

पण मला त्याहून मोलाचे वाटते ते याच दोघांचे चार वर्षे आधीचे, १९८५ चे काम. त्यात हजारावर रुग्णांचे निरीक्षण होते. शस्त्रक्रियेच्या वेळी ज्यांच्या हृदयाची रक्ताअभावी उपासमार झाली, त्यांच्यातल्या ६.९ टक्के लोकांना नंतर झटका आला. ज्यांची झाली नाही, त्यांच्यात २.५ टक्के. आणि उपासमारीशी जोडलेली मुख्य गोष्ट कोणती, तर नाडी वेगाने धावणे. मग त्यांनी भूलतज्ज्ञांना क्रमांक देऊन हिशेब मांडला, तेव्हा दिसले की 'क्रमांक सात'च्या रुग्णांची नाडी इतरांपेक्षा जास्त वेळा धावत होती आणि उपासमारही त्यांच्यातच जास्त होती. तो क्रमांक सात भूलशास्त्रात अजरामर झाला. नाव कोणी छापले नाही, ते बरेच केले. आमच्याकडे एखाद्या शिफ्टमध्येच डबे पुन्हा पुन्हा नादुरुस्त होऊ लागले की आम्ही कॉम्प्रेसरच्या कंपनीला दोष देण्याआधी शिफ्टचे रजिस्टर काढतो. तेच इथे झाले. आपल्याच संस्थेचे रजिस्टर काढून जगापुढे मांडायला छाती लागते.

आता भाच्याच्या मुद्द्यावर येतो, कारण तो काही बाष्कळ बोलत नव्हता. १९८६ मध्ये अमेरिकेत कुत्र्यांवर एक प्रयोग झाला. हृदयाची एक वाहिनी चाळीस मिनिटे बंद केली तर स्नायूचा ठराविक भाग मरतो. पण त्याआधी पाच-पाच मिनिटांसाठी चार वेळा बंद करून उघडली, तर नंतरच्या चाळीस मिनिटांत मरणारा भाग चौथाईवर येतो. म्हणजे छोट्या उपासांनी हृदय मोठ्या उपासाला तयार होते. एकादशी करणाऱ्या बायकांना यात नवल वाटणार नाही. पुढे १९९७ च्या सुमारास दिसले की आयसोफ्लुरेनसारखे वायूही हीच तयारी करून देतात, वाहिनी न बांधता. मग बेल्जियममध्ये बायपासच्या रुग्णांवर अभ्यास झाले. सेव्होफ्लुरेन दिलेल्यांच्या रक्तात हृदयाची इजा दाखवणारे ट्रोपोनिन, शिरेतून प्रोपोफॉल दिलेल्यांपेक्षा कमी निघाले. भाच्याने वाचले होते ते हेच. खोटे नव्हते, पण ते सगळे छोटे अभ्यास होते, आणि रक्ततपासणीतला आकडा कमी येणे आणि माणूस वर्षानंतर जिवंत असणे या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत.

ते तपासायला इटलीतल्या डॉक्टरांच्या पुढाकाराने मोठा अभ्यास झाला. १३ देश, ३६ रुग्णालये, ठरवून केलेल्या बायपासचे ५,४०० रुग्ण. निम्म्यांना वायू, बहुतेकांना सेव्होफ्लुरेन, काहींना डेसफ्लुरेन किंवा आयसोफ्लुरेन. उरलेल्या निम्म्यांना सगळी भूल शिरेतून. निकाल २०१९ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन या साप्ताहिकात आला. वर्षभरात वायूवाल्यांपैकी २.८ टक्के दगावले, शिरेतून भूल घेतलेल्यांपैकी ३.० टक्के. म्हणजे हजारात दोघांचा फरक, जो निव्वळ योगायोगानेही पडतो. मुळात दहा हजारांवर रुग्ण घ्यायचे ठरले होते, पण मध्येच हिशेब पाहणाऱ्या समितीने सांगितले की पुढे जाऊनही फरक दिसण्याची शक्यता नाही, आणि अभ्यास थांबवला. कुत्र्यांत दिसलेले संरक्षण माणसांत का दिसले नाही? एक कारण असे सांगतात की आताची बायपासच इतकी सुधारली आहे, हृदय थंड ठेवण्याचे द्राव, टाके, नंतरचा अतिदक्षता विभाग, की वायूने वाचवावे असे फारसे उरलेले नाही.

कोणी म्हणेल, ही तुलना वायू विरुद्ध शीर अशी झाली, वायू विरुद्ध वायूचे काय? त्यावरचे अभ्यास आहेत, अगदी आपल्या ओखल्याच्या एस्कॉर्ट्स हॉस्पिटलातलाही आहे. धडधडत्या हृदयावरच्या बायपासमध्ये आयसोफ्लुरेन आणि सेव्होफ्लुरेन शेजारी ठेवून पाहिले, तो लेख २००७ साली 'ॲनल्स ऑफ कार्डियाक ॲनेस्थेशिया'त आला. रुग्ण थोडे होते. दोन्ही वायूंनी रक्तदाब-नाडी सांभाळली, सेव्होफ्लुरेनवाले लवकर जागे झाले. लवकर जाग येणे ही चांगलीच गोष्ट, श्वासाची नळी लवकर निघते. पण बायपासचा रुग्ण तसाही काही तास अतिदक्षता विभागात व्हेंटिलेटरवर असतो. हर्नियाच्या माणसाला संध्याकाळी घरी जायचे असते, तिथे ही घाई जास्त कामाची.

तर शस्त्रक्रियेच्या आदल्या संध्याकाळी भूल देणाऱ्या डॉक्टर बाई दाजींना तपासायला आल्या. तरुण होत्या, पस्तिशीच्या. भाच्याने प्रश्न विचारलाच. त्या हसल्या नाहीत की चिडल्या नाहीत. म्हणाल्या, "दोन्ही माझ्या मशीनवर आहेत. सेव्होफ्लुरेन हवे असेल तर देईन, थोडे महाग पडते, पण त्यासाठी हॉस्पिटल बदलू नका. तुमच्या वडिलांच्या बाबतीत मला चिंता वायूची नाही. त्यांची नाडी ऐंशीच्या वर जाऊ नये आणि रक्तदाब पडू नये, याची आहे. त्यासाठी मला तुमच्याकडून खरी उत्तरे हवीत." आणि मग त्यांनी दाजींना जे प्रश्न विचारले, ते ऐकून मी खिशातली डायरी काढली.

नाडी संथ ठेवणारी गोळी रोज घेता ना? मनाने बंद केली नाही ना? ती अचानक बंद केली तर नाडी उसळते, म्हणजे पुन्हा क्रमांक सातची गोष्ट. रक्त पातळ करणारी कोणती गोळी, शेवटची कधी? यापूर्वी भूल घेतली होती का, तेव्हा कावीळ, ताप, काही? घरात रक्ताच्या नात्यात कोणी भुलीखाली अचानक गेले का? कारण काही घराण्यांत या सर्व वायूंनी शरीराचा ताप भयंकर चढण्याचा दोष असतो, तिथे वायू अजिबात द्यायचा नाही, सगळे शिरेतून. दात हलतो का, कवळी आहे का? घोरता का? तंबाखू? दाजी म्हणाले, "नाही." ताई म्हणाली, "खातात. जेवणानंतर, रोज. सांगा की आता." त्या एका वाक्यासाठी ताईला मी मनातल्या मनात नमस्कार केला. काढा, भस्म, वैद्याच्या पुड्या? त्याही निघाल्या. डॉक्टरांनी सगळे लिहून घेतले. ठरल्या तारखेला बायपास झाली, आयसोफ्लुरेनवरच. पाटल्या हातातच राहिल्या. दाजी आठव्या दिवशी घरी आले आणि तंबाखूची डबी ताईने स्वतः नाल्यात टाकली.

एक गोष्ट आमच्या खात्याची, म्हणून सांगतो. एसीतला वायू आम्ही हवेत सोडायचा नाही, नळकांड्यात परत भरून घ्यायचा, असा नियम आहे, कारण तो पृथ्वी तापवतो. थिएटरमधला वायू रुग्णाच्या श्वासातून बाहेर येतो आणि नळीने गच्चीवर सोडून देतात. डेसफ्लुरेन तर कार्बन डायऑक्साइडच्या अडीच हजार पट तापवते, आमच्या आर-१३४एपेक्षाही जास्त. आयसोफ्लुरेन सुमारे पाचशे पट, सेव्होफ्लुरेन त्याहून बरेच कमी. स्कॉटलंडने २०२३ मध्ये डेसफ्लुरेन बंद केले, आणि युरोपीय संघात १ जानेवारी २०२६ पासून वैद्यकीयदृष्ट्या दुसरा इलाज नसेल तरच ते वापरता येते. म्हणजे सर्वांत नवा आणि सर्वांत झटपट वायूच आधी बाहेर पडतो आहे. नव्याच्या मागे धावणाऱ्यांनी हेही पाहावे.

एवढेच सांगायचे होते. महाप्रसादाला वेळ आहे, प्रश्न असतील तर विचारा.

(व्याख्यानानंतर विचारलेले दोन प्रश्न)

प्रश्न : हार्ट-लंग मशीन चालू असताना फुप्फुसे बंद असतात. मग वायू शरीरात जातो कुठून?

उत्तर : हा प्रश्न मलाही पडला होता. त्या मशीनमध्ये रक्तात ऑक्सिजन मिसळणारा भाग असतो. त्याच्या ऑक्सिजनच्या नळीवरच व्हेपोरायझर बसवतात. फुप्फुसाचे काम मशीन करते, तर वायूही मशीनमधूनच जातो.

प्रश्न : मध्येच जाग आली तर? माझ्या सासऱ्यांची पुढच्या महिन्यात आहे, ते याच भीतीने नाही म्हणताहेत.

उत्तर : असे होणे फार विरळ आहे, पण हृदयाच्या शस्त्रक्रियेत इतरांपेक्षा थोडे जास्त, विशेषतः थंड केलेले शरीर पुन्हा गरम करतात त्या वेळी. वायूचा एक फायदा इथे आहे. रुग्णाच्या श्वासात तो किती टक्के आहे हे पडद्यावर श्वासागणिक दिसते. शिरेतल्या औषधाचे तसे दिसत नाही, म्हणून कपाळावर पट्टी लावून मेंदूची लय पाहणारे यंत्रही वापरतात. सासऱ्यांना म्हणावे, आदल्या दिवशी भूल देणाऱ्या डॉक्टरांनाच हे विचारा, आणि विचारताना तुम्ही शेजारी बसा. त्यांचे नावही विचारून ठेवा.